रस्ता रुंद झाला. आता झाडं कोणती लावणार?

रस्ता चौपदरी होतो तेव्हा पहिली कुऱ्हाड कडेच्या जुन्या वड-चिंचांवर पडते. मोबदल्याची चर्चा पारावर महिनोन्‌महिने चालते. पण तोडलेल्या झाडांच्या जागी काय येणार, हे कुणी विचारत नाही. मग ठेकेदार लवकर हिरवं दिसणारं रोप लावून मोकळा होतो.

हा प्रश्न आपल्या पिकाचाही आहे. धुरातले वायू पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात आणि हरितद्रव्य खराब करतात. धूळ पानावर बसून ऊन अडवते, छिद्रं बुजवते. कडेच्या दोन-चार ओळी पिवळट दिसल्या की आपण कमतरता समजून फवारणी करतो. आधी पान धुऊन पाहा. २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरलं. पण टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ इंधन बदलून थांबत नाही.

मग कोणतं झाड तग धरतं? १९८३ साली सिंग आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी यासाठी एक हिशेब मांडला. पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू आणि पानातलं पाणी, या चार गोष्टी मोजायच्या. क जीवनसत्त्व धुराचा मारा झेलतं. पाणी टिकलं तर पान सुकत नाही. या हिशेबात वड, पिंपळ, आंबा बहुतेक ठिकाणी वरच्या पायरीवर येतात. जागा आणि हंगाम बदलला की आकडा थोडा बदलतो.

मात्र नुसतं तग धरणं पुरेसं नाही. कोनोकार्पस कुठंही तग धरतो, पण परागकणांचा त्रास आणि मुळांनी होणारं नुकसान पाहून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे वड, पिंपळ, कडुनिंब, करंज आहेतच. मोठ्या झाडांच्या खाली अडुळशाची दाट ओळ लावा. धूळ खालीच अडते आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. सावली पिकावर पडेल ही तक्रार खरी आहे, म्हणून वड-पिंपळ बांधावर नको, रस्त्याच्या हद्दीतच हवेत.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकल्प खर्चाचा एक टक्का झाडांसाठी ठेवला आहे. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि आराखडा बदलला. म्हणजे विचारलं तर ऐकलं जातं. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत झाडांची यादी मागवा आणि आपली यादी ठरावात घाला. खड्डे भरल्यावर बोलून उपयोग नाही.