मोबाईल हातात आला, मास्तर कुठं गेला?

सध्या जो उठतो तो सांगतो, मोबाईलनं पोरं बिघडली. सांगणारे कोण? ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचं पुस्तकांचं कपाट आहे ते. त्यांच्या पोराच्या हातातला फोन काढला तर त्याच्यापुढं कपाट उरतं. आमच्या पोराचा काढला तर भिंत उरते. दुसरीकडून सरकार आणि कंपन्या ओरडतात, आता मोबाईलच पोरांना शिकवील. पहिल्यांना ज्ञान आमच्या हाती जाण्याचं भय आहे, दुसऱ्यांना आमच्या बापाचा खिसा दिसतो. दोघांचंही ऐकायचं कारण नाही. आपला हिशेब आपणच मांडू.

मी माजरीचा. दहावी पास. मुंबईच्या गोदीत ठेक्यावर माल उचलतो आणि कविता लिहितो. यंत्र म्हणजे काय, हे मला भाषणातून कळलेलं नाही. आमच्या जिल्ह्यात जमीन फोडून कोळसा काढतात, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात तो जाळतात आणि १९९९ पासून चंद्रपूर-पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाहिनी ती वीज मुंबईच्या दाराशी नेऊन टाकते. शहरातल्या कॉलेजातला प्रोजेक्टर ज्या विजेवर चालतो तिच्यात आमच्या माणसांच्या छातीतली काळी धूळ आहे. तेव्हा डिजिटल शिक्षण आम्ही कुणाचा उपकार म्हणून घेणार नाही. त्याची किंमत आम्ही आधीच भरलेली आहे.

गोदीनं दुसरा धडा दिला. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर वाढले, टोळ्यांचं काम क्रेननं खाल्लं. जुने गोदी कामगार आजही ते सांगतात. क्रेन वाईट असं त्यांतला कुणी म्हणत नाही. केबिनमध्ये कोण चढला आणि गेटाबाहेर कोण राहिला, एवढंच ते विचारतात. ज्याच्याजवळ शिक्षण होतं तो चढला. आता यंत्र शाळेत शिरलंय. प्रश्न तोच आहे.

कोरोनात हा प्रश्न उघडा पडला. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या पोरांसाठी ते १ डिसेंबर २०२१ ला निघालं. म्हणजे वीस महिने! 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. कुणाचं सुरू? २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या शंभरातल्या पंधरा घरांतच इंटरनेट होतं, संगणक तर जेमतेम चार घरांत. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. तिला डेटा लागत नव्हता, म्हणून ती गरिबाच्या जवळची. पण टीव्ही पोराला विचारत नाही, काहून बे, समजलं का तुले? ते मास्तरच विचारतो. २०२१ ची दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के. ती पोरं आज विशीत आहेत. कागदावर पास. नोकरीच्या दारात त्यांना कुणी वीस महिन्यांची सूट देत नाही.

मग फोन फेकून द्यायचा? मुळीच नाही.

बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड राज्य शासनानं १९७९ मध्ये काढला. वसंत मून यांनी त्यासाठी जन्म झिजवला. पुढं हे खंड मिळेनासे झाले. २०२१ मध्ये छपाई रखडल्याची बातमी आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आज तेच इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ग्रंथपाल आडनाव विचारत नाही, पुस्तक बाहेर गेलंय म्हणून परत पाठवत नाही. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, पोत्याला टेकून मी ते वाचतो, अडलेला शब्द तिथल्या तिथं शोधतो. ज्यांना अक्षर बंद होतं त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. हे हत्यार आहे, आणि हत्यार कुणी खाली ठेवायला सांगितलं म्हणून ठेवायचं नसतं.

पण हत्याराला मूठही असते आणि धारही. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं. आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं ५७ टक्के म्हणाले, समाजमाध्यम पाहिलं असं ७६ टक्के. त्याआधी २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या पंचवीस टक्के पोरांना आपल्याच भाषेतला दुसरीचा धडा धड वाचता येत नव्हता. फोन बोटानं चालतो, वाचन बोटानं येत नाही. आणि त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडं स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडं. भावांनो, इथं व्यवस्थेकडं बोट दाखवून सुटता येणार नाही. बहिणीच्या हातातला फोन आपणच हिसकतो. रात्री समतेवर स्टेटस टाकतो आणि सकाळी तिला म्हणतो, तुले कायले पाहिजे?

दुसरी धार कंपन्यांची. बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची समजली जात होती. त्याच वर्षी डिसेंबरात, पालकांच्या गळी कोर्स उतरवल्याच्या आरोपांवरून राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं तिच्या प्रमुखाला बोलावलं. जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कंपनी बुडाली तरी बापानं काढलेलं कर्ज बुडत नाही. सावकार फक्त चोपडी टाकून ॲपमध्ये बसलाय.

तिसरी धार नवी आहे. आता यंत्र निबंध लिहून देतं, कविताही जुळवतं. ते शिकलं कशावरून? जे आधी लिहून, छापून, नेटवर चढवलं गेलं त्यावरून. हजारो वर्षं ज्यांना लिहू दिलं नाही त्यांचं त्यात किती असणार? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात गोंडी आहे, पण छत्तीसगडची. भामरागडच्या माडिया पोरीची बोली, आमची झाडीबोली त्या यंत्राच्या कानावर कधी जाणार? निबंध त्याच्याकडून लिहून घ्याल तर तुमच्या तोंडी त्यांचीच भाषा येईल. आपण लिहायला आत्ता कुठं लागलो, आणि लेखणी लगेच परत करायची?

आणि सगळ्यात मोठा धोका पडद्यावर दिसतच नाही. २०२३ मध्ये शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' पुढं केली. अशा शाळा राज्यात १४ हजारांवर. त्या कुठं असतात? तांड्यावर, पाड्यावर, जंगलात, जिथं पाऊस पडला की रस्ता तुटतो तिथं. शाळा हलवायची, मास्तर भरायचा नाही आणि वर म्हणायचं, आता सगळं ऑनलाईन आहे! श्रीमंताच्या पोराला मास्तरही आणि टॅबही, गरिबाच्या पोराला मास्तराऐवजी टॅब. ही नवी वाटणी आपल्याला मान्य नाही.

म्हणून शहरातल्या दोस्तहो, नुसतं वाचून अंक गुंडाळू नका. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात रोज संध्याकाळी दोन तास बसा. एक फोन, दहा पोरं आणि मोठ्यानं वाचणारा एक. धडा पाहायचा, फोन पालथा ठेवायचा, मग स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. पहिली पाळी मुलीची. क्लासच्या कर्जावर कुणाचा बाप सही करत असेल तर आधी चौघांनी कागद वाचायचा. आज्यांची गाणी, खाणीतली बोली, गोदीतल्या शिव्यासुद्धा लिहून काढा. आणि गावाकडच्या एकेका शाळेत किती मास्तरांच्या जागा रिकाम्या आहेत ते माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज त्याच मोबाईलवरून करता येतो.

फोन आमच्या हातात राहील. मास्तरही आम्हाला पाहिजे. दोन्ही!

जयभीम.