ट्रॅक्टरसाठी हवेच्या पंपाची निवड

ट्रॅक्टरच्या मागील चाकांत शेतकामासाठी साधारणतः दर चौरस इंचास 12 ते 14 पौंड दाब पुरतो. सडकेवर ओझे वाहताना तो वाढवावा लागतो. पंप जवळ नसल्यामुळे पुष्कळ शेतकरी सडकेचाच दाब शेतातही ठेवतात. परिणामी ओली काळी जमीन दबते, चाक घसरते व डिझेल वाया जाते. म्हणून शेतावर नेता येईल असा पंप अवश्य असावा. मात्र खोक्यावरील कमाल दाबाच्या आकड्यास भुलू नये. मोठ्या चाकास दाब थोडा, परंतु हवा पुष्कळ लागते. तेव्हा पंप मिनिटास किती लिटर हवा देतो, हेच प्रथम पाहावे. मोटारीचा लहान पंप अशा कामात लवकर तापतो. एकट्यास खर्च न झेपल्यास चार शेतकऱ्यांनी मिळून चांगला पंप व खात्रीचा दाबमापक घेणे श्रेयस्कर होय.