सायन्स झेपत नाही की झेपू देत नाहीत?



दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सायन्स झेपायचं नाही, आर्ट्सला टाका." सांगणारे बहुतेक वेळा पोरांचे मास्तरच असतात. आम्ही याला सल्ला मानत नाही. हे तोंडावर दार लावणं आहे.

पोरं गळतात कुठे ते पाहा. सेमी-इंग्लिशवाल्यांचं कसंबसं निभतं. पण पूर्ण मराठी माध्यमातलं पोरगं दहावीपर्यंत मूलद्रव्य, संयुग, संयुजा शिकतं आणि अकरावीत एकदम एलिमेंट, कंपाउंड, व्हॅलन्सी पुढ्यात येतं. गोष्ट तीच, नाव बदललं. एवढं सांगायला एक तास पुरे, तो कुणी देत नाही. त्यात अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही, म्हणून केमिकल बाँडिंग चार दिवसांत उरकतात. बारावीची सगळी ऑरगॅनिक मात्र त्याच धड्यावर उभी असते. मग पोरगं पाठांतर करतं, नापास होतं आणि दोष त्याच्या डोक्याला लागतो.

हे डोकं कमी नाही. ज्याची आई रावेर-यावलच्या केळीत मजुरीला जाते, त्याने पांढरं पोटॅश पाण्यात विरघळताना पाहिलंय. ते पाणी ज्या पीव्हीसी पाइपातून येतं तो पाइपही त्याच्या ओळखीचा. दोन्हींत क्लोरीन आहे. मग पोटॅश विरघळतं आणि पाइप का नाही? पोटॅशमध्ये पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला, क्लोरीनने तो घेतला. दोघांवर विरुद्ध प्रभार आले, आणि पाणी त्या आयनांना वेगळं करतं. पाइपात क्लोरीन आणि कार्बन इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, ती पाण्याला सुटत नाही. आयनिक आणि कोव्हॅलंट बाँड इथे बांधावरच समजतो. ड्रिपमध्ये क्षार साचला की ॲसिड सोडतात, तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट फुटतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हेही आपल्याच माणसांच्या हातून होतं, फक्त त्याला केमिस्ट्री म्हणायचं कुणी शिकवलं नाही.

(जाता जाता. जे सहसा कुणाशी बंध जोडत नाहीत त्या वायूंना पुस्तकात 'राजवायू' म्हणतात, इंग्रजीत तर 'नोबल'! सोवळं पाळणारा तो थोर, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. १९६२ साली नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवलं आणि ते सोवळं प्रयोगशाळेत मोडलं.)

पण आपल्याकडे प्रयोगशाळेलाच कुलूप. बारावीला केमिस्ट्रीचे ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. कित्येक ठिकाणी ते ३० जर्नल उतरवून मिळतात, टेस्ट ट्यूब हातात न घेता. कॉलेज आणि क्लासचं साटंलोटं इतकं उघड की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. क्लासची फी ज्याला परवडते तो तिथे शिकतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी रिकामा वर्ग. आणि व्यासपीठावरून कणादांच्या परमाणूचा गौरव करणारे या कुलपाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराचे, आरक्षणाचे प्रश्न सोडून ही केमिस्ट्री कशाला? मेडिकलच्या राखीव जागेवर हक्क सांगायला आधी नीट द्यावी लागते आणि तिथे केमिस्ट्रीला ७२० पैकी १८० गुण आहेत. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते कला आणि विज्ञान दोन्हींचं. आपल्या पोरांना विज्ञान झेपणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं.

३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारोंनी जमतो. तोवर अकरावीचे वर्ग भरू लागलेले असतात. यंदा तिथून परतलात की आपापल्या तालुक्यातल्या अनुदानित कॉलेजात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका : गेल्या वर्षी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स किती झाली, हजेरीपत्रक कुठे, रसायनांच्या खरेदीची बिलं कुठे. उत्तर येईपर्यंत विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळचा एक तास राखून ठेवा. वस्तीत बीएस्सी झालेलं एखादं पोरगं किंवा पोरगी असतेच, तिला फळ्यापाशी उभी करा. सुरुवात पोटॅशपासून करा.