सव्वाआठ फुटांची वाट

आमच्या घरी शुक्रवारी रात्री एक मीटिंग भरते. अजेंडा एकच: उद्या कुठे जायचं? लेकीला (वय वर्षं सहा) पाणी आणि दगड हवेत. बायकोला लॅपटॉप दिसणार नाही अशी कुठलीही जागा चालते. आणि आई म्हणते, "तुम्ही जा रे, मी आपली घरीच बरी." हे शेवटचं वाक्य म्हणजे खरं तर तक्रार असते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आपण पुण्यातली मंडळी फिरायला म्हटलं की थेट घाटाकडे तोंड करतो. सिंहगड, लोहगड, राजमाची. तिथे पोचलं की आमच्या घराच्या दोन तुकड्या पडतात: चढणारे आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहणारे. अडुसष्ट वर्षांचे गुडघे दर वेळी दुसऱ्या तुकडीत. संध्याकाळी आम्ही वरचे फोटो दाखवतो आणि आई "छान आहे हो" म्हणते. ह्याला आम्ही फॅमिली ट्रिप म्हणायचो!

तर माझं म्हणणं असं. घरातल्या सगळ्यांनी मिळून चालायचं असेल, तर डोंगर सोडा आणि सपाटी धरा. कुठल्याही सिस्टिमचा वेग तिच्यातल्या सगळ्यात हळू भागावर ठरतो हे आपण ऑफिसात रोज एकमेकांना ऐकवतो. मग चालताना तो वेग आजीचा असला तर बिघडलं कुठे?

माझी सपाटी म्हणजे जेऊर. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. (अहिल्यानगरजवळही एक जेऊर आहे, तिकडे उतराल चुकून.) माझं आजोळ. पर्यटनस्थळ म्हणून कोणी नाव घेणार नाही. ऊस, केळी, ज्वारी आणि मधे मधे माळ. माळरान म्हणजे पडीक जमीन असा आपला एक गैरसमज असतो. ह्याच पट्ट्यातल्या गवताळ माळांसाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, आणि आज माळढोक जवळपास दिसेनासा झाला तरी काळवीट, खोकड, चंडोल ही मंडळी अजून माळ धरून आहेत. जेऊरहून गाडीने कुगावच्या बाजूला निघालात की उजनीचं बॅकवॉटर लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याने कित्येक गावं उठली. अजूनही उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पलीकडच्या काठाला, पळसदेवला, पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं. थंडीत काठावर चक्रवाक असतात, चित्रबलाक असतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब असतात. पाणी उतरून दलदल उघडी पडायला लागली की रोहितही दिसतात. समुद्र नाही, पण लेकीच्या मते "दुसरा काठ दिसतो एवढाच फरक आहे".

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते साडेनऊ, जाऊन-येऊन तीन किलोमीटर. बस्स. एवढं आमच्या सगळ्यांना जमतं. पाणी, टोपी, बूट आणि दुर्बीण असेल तर दुर्बीण. परत येताना हुरडा.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. एक म्हणजे पाणी. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात एक जोडपं होतं आणि त्यांची दोन लहान लेकरं. त्यामुळे लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवायचा नाही, नाविक कितीही ओळखीचा असो. काठाचा भेगाळलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत नसतो. पोरांना त्याच्यापासून लांब ठेवा. दुसरी म्हणजे ऊस. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. म्हणून अंधारात आणि उसाच्या फडाला लागून लहान मुलांना घेऊन फिरू नये. उजेडात, उघड्या वाटेने, गावातल्या माणसाला विचारून.

आता मूळ मुद्दा. उघडी वाट आहे कुठे?

गेल्या जानेवारीत आईला म्हटलं, तू शाळेत ज्या वाटेने जायचीस ना, ती नातीला दाखव. मामाच्या रानातून निघून ओढ्याच्या कडेने जाणारी वाट. आई पुढे, लेक तिचं बोट धरून. हा तरवड, ही हेकळ, ह्या बोरीची बोरं गोड आणि त्या बोरीची तुरट... गुडघ्याचं नावसुद्धा नाही! मी मागून बघत होतो. पार्किंगमध्ये बसणारी ती बाई हीच का, असं वाटावं इतकी ती भराभर बोलत होती.

पाऊण किलोमीटरवर वाट संपली. पुढे केळीची बाग आणि तारेचं कुंपण. आई तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "इथनंच होती." मग पदर सावरून मागे वळली. लेकीने विचारलं, "आजी, तुझी शाळा कुठे गेली?"

मला अर्थातच राग आला. घरी येऊन मामाकडची गाव नकाशाची झेरॉक्स काढली. तुम्ही कधी आपल्या गावाचा नकाशा पाहिलाय? जरूर पाहा. गावचे गाडीरस्ते, पाणंदी, पायवाटा त्यात वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशावरच्या पायमार्गाची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, तिचा बरोबर चौथा हिस्सा. आईची वाट त्यात होती. बारीक तुटक रेघ, ओढ्याला धरून.

मी लगेच वकील झालो. मामाला सांगितलं, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावायचा असतो. रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम आहे, बांधावरून वाट मागता येते. मग इंग्लंडची गोष्ट. ऑनसाईट असताना दर रविवारी मी तिथल्या शेतांमधून चालायचो. शेत शेतकऱ्याचंच, पण पायवाट सगळ्यांची. शेतामधून जाणारी वाट तो नांगरू शकतो, मात्र साधारणपणे १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. वेल्सने तर २०१२ साली अख्ख्या किनाऱ्याने सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट जोडून काढली. आपल्याला का जमू नये?

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू नकाशा घिऊन पुण्याला जाशील. मला उद्या सकाळी त्याच बांधाला पाणी धरायचंय. आन् ह्याच वाटंनं माझा ऊस भाईर निघायचा व्हता, आता दीड किलोमीटर वळसा पडतोय. मला काय कळत न्हाय व्हय?"

मी गप्प. माझ्यासाठी ती वीकएंडची वाट होती, त्याच्यासाठी धंद्याची. तरी दावा लावला नव्हता, कारण शेजाऱ्याशी एकदा तहसीलात उभं राहिलं की पुढची वीस वर्षं बोलणं बंद. शेजाऱ्याचंही अगदीच चूक नव्हतं. ठिबकच्या नळ्या कोणीतरी तुडवल्या, बाहेरून आलेल्या पोरांनी बाटल्या फोडल्या, मग त्याने तार ओढली. ती पोरं कुठून आली असतील? तुमच्या-माझ्यासारखीच, गाडी काढून, "निसर्गात".

संध्याकाळी मामा एकटाच शेजाऱ्याकडे जाऊन आला. काय बोलला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तारेचा एक पदर सोडलेला होता. शेजाऱ्याची म्हातारी आई बागेच्या तोंडाशी उभी. ती आणि आमची आई एकाच वर्गातल्या निघाल्या! शाळेपर्यंत जायला आम्हाला एक तास लागला, त्यातली चाळीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या.

आम्ही निघालो तशी तार पुन्हा बांधली गेली. वाट अजून बंदच आहे. ऊस अजून वळशानेच जातो. एका सकाळने काही सुटत नाही.

पण म्हणूनच हे लिहितोय. पाणंद रस्ते मोकळे करायला सरकारची योजना आहे, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने ती सुरू झाली. त्यात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा विचार आहे आणि तो आधी व्हायलाच हवा. फक्त त्याच रेघेवर एका आजीला आणि नातीला चालता यावं असं म्हणणारं कोणी नाही. ते आपण म्हणावं. ज्यांचं कोणी ना कोणी अजून गावी आहे अशा सगळ्यांनी म्हणावं. ग्रामसभेत जाऊन म्हणावं, नकाशा घेऊन, पण आधी मामाला विचारून. नळी तुडवायची नाही, बाटली न्यायची नाही, कुंपणाचं फाटक जसं होतं तसं लावायचं. रिसॉर्टच्या आवारातल्या आखीव ट्रॅकवर तिकीट काढून चालण्यापेक्षा हे अवघड आहे, कबूल. पण त्या ट्रॅकवर आईला एकही बोर ओळखीची निघणार नाही.

पुढच्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: शाळेत कुठल्या वाटेने जात होता? आणि मग ती वाट बघून या. असेल तर चाला. नसेल तर निदान कुठे अडलीय ते तरी कळेल.