बदलीच्या मंडळावर मागासवर्गीय, मग तक्रारीच्या का नको ?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आला आहे. नशिराबादच्या बाजारात कापसाचे चार पैसे कनवटीला लावून उभा असलेला शेतकरी घ्या, टोपली घेऊन बसलेली बांगडीवाली घ्या, की ऐरणीपुढचा लोहार घ्या. ठाण्यात पोराला विनाकारण मार बसला तर कोठे जाल, असे त्यांस विचारा. "साहेबाच्या पाया पडू, नाही तर पुढाऱ्याच्या," हेच उत्तर येईल. कायद्याने तिसरा दरवाजा करून ठेविला आहे, हे त्यांस कोणी सांगितलेले नाही. आणि तो दरवाजा कसा बांधला आहे हे पाहिले, म्हणजे न सांगण्यातच कोणाचे तरी हित असावे अशी शंका येते.

ता. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस हुकूम केला की, पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. आमच्या राज्याच्या पोलीस कायद्यात त्याप्रमाणे दुरुस्ती होण्यास २०१४ साल उजाडले. कोठडीत माणूस मेला, जबर दुखापत झाली, बाईची अब्रू घेतली, रीतसर कारणावाचून अटक झाली, पैसे उकळले, जमीन बळकावली, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावे, असे त्यात लिहिले आहे. फार चांगले झाले. पण तेथे बसतो कोण ? उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष. एक निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी. सचिवाच्या दर्जाचा एक निवृत्त सनदी अधिकारी. एक नामवंत नागरिक. आणि कामावर असलेला एक बडा पोलीस अधिकारी सदस्य-सचिव. पाचांत तीन निवृत्त आणि पाचांत दोन खाकी ! ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच खात्याचे दोघे पंचांच्या घोंगडीवर. आणि फिर्यादीच्या बाजूचे जग पाहिलेला एक तरी असेल, याची हमी कोठेच नाही.

आता गंमत पाहा. ह्याच २०१४ च्या दुरुस्तीने पोलिसांच्या बदल्या-बढत्यांसाठी आस्थापना मंडळे स्थापिली. तेथे कायदा स्पष्ट म्हणतो की, सभासदांपैकी कोणीच मागासवर्गीय नसेल, तर सरकारने त्या वर्गाचा एक जादा सभासद नेमावा. हे कलम योग्यच आहे. ते घालणाऱ्यास आम्ही धन्यवाद देतो. परंतु तक्रार प्राधिकरणाच्या पाच जागांचे वर्णन वाचा. तेथे हुद्दा आहे, दर्जा आहे, समाज नाही. बाईमाणसाचेही नाव नाही. म्हणजे साहेबांची बदली धुळ्याहून पुण्यास करावयाची तर मागासवर्गीयाचा डोळा हवा, आणि गरिबाच्या पाठीवरचे वळ मोजावयाचे तर तो डोळा नको ! हा न्याय कोणत्या शास्त्रातला, हे विधिमंडळात बसलेल्या आमच्याच मतांच्या प्रतिनिधींनी सांगावे.

कोणी शहाणे म्हणतील, न्यायाच्या कामात जात कशाला पाहता, लायकी पाहा. आम्ही विचारतो, 'नामवंत' कोणास म्हणायचे हे ठरविले कोणी ? ज्याचे नाव वर्तमानपत्रात येते तो नामवंत. पावऱ्यांच्या पाड्यावर वीस वर्षे रात्री-बेरात्री कंदील घेऊन ठाण्यापर्यंत चालत जाणारी बाई नामवंत होत नाही. पारध्याच्या पोराला जामीन मिळवून देण्यासाठी आपली बैलजोडी विकणारा माळी नामवंत होत नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून काय वाटते, हे ज्यास ठाऊक आहे त्याची ती लायकी नव्हे काय ? अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीचा जबाब समजणे, तडवी बाई कोणत्या शब्दाला घाबरून गप्प झाली हे ओळखणे, ही पंचाची विद्या आहे. ती निवृत्तीच्या वेतनाबरोबर मिळत नाही.

खानदेशाला तर हा खेळ जुनाच आहे. येथे गावाचा जागल्या भिल्ल असे. रात्रभर वेस तो राखी, पण चावडीवर न्याय करावयास तो बसत नसे. १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावास भिल्लांची पलटण उभारली आणि भिल्लांच्याच हातांनी खानदेशाचा बंदोबस्त केला. पहाऱ्याला भिल्ल, निकालाला साहेब ! पुढे १८७१ साली इंग्रजाने जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण फौजदाराच्या डोक्यातून गेला काय ? ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील जातीच्या कामवाटणीचे नियम रद्द करावे लागले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने पकडू नका, असेही पोलिसांस बजवावे लागले. कायदा मेल्यावर बहात्तर वर्षांनी !

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनकडे ज्या मागण्या धाडिल्या, त्यांत पोलिसांत व लष्करात भरतीचा हक्क होता. त्या काळी अस्पृश्याच्या अंगावर खाकी चढणे हीच मोठी लढाई होती. आज ती भरती होते. शिपाई आता कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा, वंजाऱ्याचा, भिल्लाचा मुलगा आहे. स्त्रियांना ३० टक्के जागा राखीव आहेत. त्याबद्दल आनंदच आहे. पण शिपाई बहुजनांचा झाला म्हणून खाते बहुजनांचे झाले, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपलीच मुले आपल्यातल्याच दुबळ्यावर काठी उगारतात, हे कडू बोलणे आम्हांस बोलावेच लागते. आपण कुणबी-पाटील मंडळी पारध्याला चोर म्हणतो, तोच शब्द आपला मुलगा ठाण्यात घेऊन जातो. काठी कोणाच्या हाती आहे ह्यापेक्षा काठीचा हिशेब कोण मागतो, हे महत्त्वाचे.

दाखले पाहिजेत काय ? १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांस सोडून दिले, आणि देशभर ओरड झाल्यावर १९८३ साली कायदा बदलला. ता. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाने गोळीबार करून दहा माणसे मारली; त्या फौजदाराला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावण्यास २००९ साल लागले. आणि आपल्या शेजारचे धुळे ! ता. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छी बाजारात खाण्याच्या बिलावरून दोघांत भांडण झाले, त्याची दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सहा मुसलमान तरुण मेले. दगडफेकीत पोलीसही पुष्कळ जखमी झाले, हे खरेच आहे व ते सांगितलेच पाहिजे. पण त्याच दिवशी पोलीस गाड्या फोडीत आहेत, सामान उचलीत आहेत, अशी चित्रे लोकांनी आपल्या मोबाईलवर घेतली, आणि मग सहा पोलिसांस अटक करावी लागली. ती चित्रे नसती तर ? विणकराच्या घरच्या बाईच्या तोंडी शब्दावर किती जणांना अटक झाली असती, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

हे होऊ शकते की नाही, म्हणून विचारणाऱ्यांसाठी आयर्लंडच्या उत्तर भागाचे उदाहरण सांगतो. तेथे कॅथलिक लोक लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक आणि पोलिसांत शेकडा सुमारे आठ. १९९९ साली पॅटन कमिशनचा अहवाल झाला. २००१ पासून दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांची केली आणि त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले. परंतु ते लोक भरतीवर थांबले नाहीत. पोलिसांवर देखरेखीसाठी एकोणीस जणांचे मंडळ बसविले, दहा निवडून आलेले व नऊ इतर, आणि ते समाजाचे प्रतिबिंब असावे असे कायद्यात लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे रक्त सांडलेल्या लोकांना जे जमले, ते एका ओळीत बसून वारी करणाऱ्या महाराष्ट्राला जमत नाही काय ?

विभागाच्या ठिकाणीही असेच तक्रार प्राधिकरण कायद्यात सांगितले आहे. आपला जिल्हा नाशिक विभागात. म्हणजे नशिराबादच्या मजुराने रोज बुडवून सुमारे अडीचशे किलोमीटर जावे व तेथेही निवृत्त अधिकाऱ्यांपुढे हात जोडावेत ! म्हणून आमचे मागणे असे : आस्थापना मंडळांना लावलेली अट तक्रार प्राधिकरणांनाही लावा, एक जागा बाईची, एक अनुसूचित जाती-जमातीची व एक भटक्या-विमुक्तांची कायद्याने बांधून टाका, कामावरचा पोलीस अधिकारी तेथून उठवा, जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तक्रारी ऐका आणि अहिराणीत दिलेला जबाब अहिराणीतच लिहून घ्या. फिर्यादी कोणत्या समाजाचे होते, किती स्त्रिया होत्या, किती अर्ज निकालात निघाले, याचा आकडा दरसाल छापा. नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, धरणगाव येथील मंडळांनी ह्या मागण्यांचे ठराव करून आपल्या आमदारास पोस्टाने पाठवावेत, आणि तो उत्तर देतो की नाही हे निवडणुकीच्या सभेत त्यास सर्वांदेखत विचारावे.