खालचे कुलूप कोणाचे?

आम्ही कापडवाले अस्तर उलटून पाहिल्याशिवाय शेरवानी घेत नाही. मग रविवार पेठेत बिलाचे सॉफ्टवेअर घेताना ‘डेटा सुरक्षित’ एवढ्यावरच भरोसा का? पायथनची ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररी घ्या. हिशेब सांकेतिक करण्याचे काम ती मुख्यतः खालच्या ओपनएसएसएलकडून करवून घेते. त्याच ओपनएसएसएलमध्ये २०१२ पासून असलेला ‘हार्टब्लीड’ दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. त्यातून पासवर्डसुद्धा झिरपू शकत होते. शिवाय या लायब्ररीच्या तयार पॅकेजात ओपनएसएसएल आतच शिवलेले येते. संगणकावरचे बदलून भागत नाही, पॅकेजच नवे घ्यावे लागते. ते कोण बदलणार? गिऱ्हाइकांची उधारी, फोन नंबर आमच्याकडे अमानत आहेत. देखभालीचे पैसे दरसाल घेणाऱ्याने हे लेखी द्यावे, असे आमचे मत.