नळीला दोन दारे असतात

खंडेनवमीला आपण कोयता पुजतो, वखराची पास पुजतो, आजोबांची गंजलेली तलवार असेल तर तिलाही शेंदूर लावतो. नव्या पाणबुडीचेही आपण तेच करतो. नारळ फुटतो, अथर्ववेदातले मंत्र होतात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे 'स्वदेशी, स्वदेशी' म्हणून उर बडवतात. माझे भांडण आहे ते या टाळ्यांशी.

'शिंदखेड्याच्या माणसाला पाणबुडीचे काय पडले आहे?' असे आमचे स्नेही विचारतात. खरे आहे, उन्हाळ्यात आमच्या बुराईत म्हैस बुडेल एवढेही पाणी नसते. पण कर भरतो तो आम्हीही भरतो, आणि भरल्या कराचा हिशेब विचारायला समुद्रकिनारा लागत नाही.

पाणबुडीचे सारे शौर्य एका नळीत असते. साडेत्रेपन्न सेंटिमीटरांच्या आतबाहेरची ही नळी. हिटलरच्या पाणबुड्यांत होती त्याच मापाची आज माझगावच्या पाणबुडीतही आहे. तिला दोन दारे, एक समुद्राकडे आणि एक माणसांकडे. दोन्ही एकदम उघडली की संपले. १९३९ च्या १ जूनला लिव्हरपूलच्या उपसागरात 'थेटिस' ही इंग्रजी पाणबुडी चाचणीला निघाली होती. नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्याचे बारीक भोक रंगाने बुजले होते. पाणी आले नाही म्हणून आतले दार उघडले, आणि बाहेरचे उघडेच होते! नव्याण्णव माणसे मेली. रंगाचा एक थेंब, बस्स.

जर्मनांनी या नळीवर फार डोके चालवले. इतरांकडे दाबलेल्या हवेने टॉर्पेडो ढकलला की हवेचा मोठा बुडबुडा वर येई आणि शत्रूला जागा दाखवी. जर्मनांनी हवा आणि टॉर्पेडो यांच्यामध्ये दट्ट्या घातला, आपल्या रंगपंचमीच्या पिचकारीसारखा; काम झालेली हवा पाणबुडीतच परत घेतली. बुडबुडा नाही, चाहूल नाही. शिवाय दीड टनाचे धूड पुढून सुटले की नाक वर उसळते, म्हणून तेवढेच पाणी लगोलग टाकीत घ्यायचे. हे कागदावर शिकता येत नाही. हाताला सवय लागते.

ती सवय आपल्या हातांना एकदा लागली होती. १९८१ साली कील येथल्या एचडीडब्ल्यू या कारखान्याशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे आणि दोन मुंबईत, माझगाव गोदीत. आपली माणसे कीलला जाऊन शिकून आली. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली; प्रत्येकीच्या नाकाशी आठ नळ्या. आणि पुढे? मध्येच १९८७ मध्ये दलालीचे प्रकरण निघाले. आणखी दोन बांधायच्या होत्या त्या राहिल्या. चौकशी वर्षानुवर्षे चालली, दोषी कोणीही ठरले नाही. गोदीतले काम मात्र थांबले. नवा करार व्हायला २००५ उजाडले, तोही फ्रेंचांशी, आणि शिकलेले हात तोवर पांगले. पुन्हा 'श्रीगणेशा'.

कोणी म्हणेल, मग लाच खाणाऱ्यांना सोडायचे का? मुळीच नाही! सरपंचाने विहिरीचे पैसे खाल्ले तर सरपंचाची गचांडी धरा; विहीर का बुजवता? आपण विहीर बुजवली आणि सरपंच सुटला.

एवढ्यावर भागले नाही. फ्रेंच घडणीची 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. नाकाशी सहा नळ्या, लखलखीत. पण तिच्यासाठी ठरवलेले अठ्ठ्याण्णव इटालियन टॉर्पेडो २०१६ मध्येच रद्द झाले होते, कारण विकणाऱ्यांच्या मूळ कंपनीचे नाव हेलिकॉप्टरच्या लाचेत आले. तेव्हा जर्मनांकडून १९८० च्या दशकात घेतलेल्या टॉर्पेडोंवरच वेळ भागवावी लागली. नवरी नटली आणि बाशिंग मागच्या लग्नातले! बरे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. छापायला बरे दिसत नव्हते.

'पोरांना पोटभर अन्न नाही आणि टॉर्पेडो कसले मागता?' हा प्रश्न मला अवघड वाटतो, खोटे कशाला बोलू. पाणबुडी नकोच असे कोणी सरळ म्हणाले तर त्याच्याशी वाद घालायला मी तयार आहे. पण शिकायचे, विसरायचे आणि पुन्हा पैसे मोजून शिकायचे, हे तर पोरांच्या तोंडचा घास दोनदा काढणे आहे.

२०२५ मध्ये सहा नव्या पाणबुड्यांसाठी माझगाव गोदी आणि कीलचेच जर्मन यांच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. चाळीसएक वर्षांपूर्वी कीलला वेल्डिंग शिकून आलेले कामगार आता म्हातारे झाले असतील. त्यांतला कोणी डोंबिवलीला नातवंडे खेळवत असेल, कोणी गावी परतला असेल. करार होण्यापूर्वी त्यांची एक यादी करून त्यांना चार दिवस गोदीत बोलवायचे कोणाच्या मनात आले आहे का, एवढे मला संबंधितांनी सांगावे.